मुरुडच्या नीलम्माचं कॉलेज

लातूरच्या बी.एड. कॉलेजात पहिल्या दिवशी बजरंग सर हजेरी घेत होते. 'पटणे नीलम्मा अमरेश' हे नाव आलं आणि तिसऱ्या बाकावरून "हजर!" असा आवाज एवढ्या जोरात आला की पुढची पोरं माना वळवून बघायला लागली. करोनाचं पहिलं वर्ष नुकतंच सरलं होतं. एका बाकावर एकच जण आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क. त्या मास्कातूनही आवाज समोरच्या भिंतीला धडकून परत आला. सर चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, मला नीट ऐकू येतं." वर्ग हसला. नीलम्माही हसली. पण मास्कामुळं तिचं हसू कुणाला दिसलं नाही, डोळ्यांतलं पाणी तेवढं दिसलं.

शेजारच्या बाकावरची पोरगी वाकून हळूच म्हणाली, "मावशी, काय झालं?"

"काय न्हाई गं. लई वर्षांनी हजेरीत नाव आलं."

ही पोरगी म्हणजे ऋतुजा देवसरकर. हिमायतनगरकडची, शेतकऱ्याच्या घरची. वयानं नीलम्माच्या निम्म्याहून थोडी मोठी असेल. लातुरात दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहिली होती. आठवडाभरात 'मावशी'ची 'ताई' झाली, आणि मग सगळा वर्गच नीलम्माला ताई म्हणायला लागला.

नीलम्माचं माहेर उदगीरजवळच्या एका खेड्यातलं. वडील गुरुपादप्पा यांचं गावात किराणा दुकान होतं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. भांडायचं कानडीत आणि हिशोब मराठीत, असं ती स्वतःच सांगायची. दहावीला तिला चांगले मार्क पडले. पण पुढचं कॉलेज उदगीरला, आणि पोरीनं रोज एसटीनं जायचं-यायचं हे अप्पांना पटलं नाही. तीनेक वर्षं ती घरातच राहिली, मग मुरुडच्या पटण्यांकडं सून होऊन आली. पटण्यांचं बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. नवरा अमरेश स्वभावानं गरीब, दिवसातून चार वाक्यं बोलणारा. सासू गौरम्मा मात्र त्याच्या वाटणीचंही बोलायची. सासरे गेल्यापासून दुकानाची गादी तिनंच सांभाळलेली. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत ते परात घ्यायला आलंय की नुसतं भाव विचारायला, हे तिला कळायचं.

लग्नसराईत आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायचं काम नीलम्माकडं आलं. विजेच्या पेनानं तांब्याच्या काठावर, डब्याच्या झाकणावर 'मामाकडून सप्रेम भेट' असलं बारीक, वळणदार अक्षर ती काढायची. गिऱ्हाइकं कौतुक करायची. एकदा एका शाळामास्तरानं ते अक्षर बघून विचारलं, "शिक्षण किती झालंय, बाई?" 'दहावी' म्हणताना तिची मान खाली गेली. त्याच आठवड्यात तिनं अमरेशला विचारलं. तो म्हणाला, "बस की बाहेरून बारावीला." त्या दिवसाच्या चार वाक्यांतलं एक त्यानं असं खर्चलं.

सतरा नंबरचा फॉर्म भरून तिनं बारावी केली. मग मुक्त विद्यापीठातून बी.ए.ला बसली. पुस्तकांचा गठ्ठा घरी यायचा. दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा गल्ल्यामागं पुस्तक उघडायचं, गिऱ्हाईक आलं की पानात चमचा घालून मिटायचं. रविवारी लातूरच्या केंद्रावर वर्ग असायचे. पण रविवारी कुणाचं ना कुणाचं लग्न असायचं, नाहीतर लेकाला ताप. वर्षातून चार-पाचदा जाणं झालं तरी खूप.

या शिक्षणानं तिला पुष्कळ दिलं. पण तिची एक गोष्ट राहून गेली होती, आणि ती तिनं बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. इतिहासाच्या पुस्तकात निजामाविरुद्धच्या लढ्याचा धडा होता. सरहद्दीवर छावण्या होत्या, तिथून माणसं लढली, असं त्यात लिहिलेलं. नीलम्माला प्रश्न पडला, त्या छावण्यांत बायका होत्या का? स्वयंपाक कोण करायचं? आपल्या उदगीरकडून कुणी गेलं असेल का? विचारणार कुणाला? अमरेश म्हणाला, "मला काय ठाऊक." गौरम्मा म्हणाली, "तू आधी कळशीला कल्हई लागली का बघ." प्रश्न तसाच मनात घेऊन ती पुढचे धडे वाचत राहिली. शेवटी एका रविवारी लातूरला जाणं झालं. वर्ग संपल्यावर ती धीर करून सरांपुढं उभी राहिली. सरांना गाडी गाठायची होती. "ते परीक्षेला येत नाही हो, बाई," असं म्हणून ते जिना उतरून गेले. परतीच्या एसटीत तिच्या मनात आलं, आपण रोज वर्गात असतो तर हा प्रश्न दुसऱ्या दिवशी परत विचारता आला असता.

तेव्हापासून तिला कॉलेज पाहिजे होतं. डिग्री झाली होती, ती कुठूनही होते. तिला बाक, फळा आणि शेजारी बसलेली माणसं पाहिजे होती. बी.एड.ची प्रवेश परीक्षा दिली, नंबर लागला. लेक आता नववीत होता, त्याचं तो बघत होता. गौरम्मा म्हणाली, "जा. पण लगीनसराईत नावं कोण टाकणार ते सांगून जा." नीलम्मानं पेन अमरेशच्या हातात दिला. त्याची अक्षरं कोंबडीच्या पायासारखी यायची. कॉलेज चालू होतं तोवर गिऱ्हाइकांनी ती सोसली.

कॉलेजात सूक्ष्म पाठ सुरू झाले. आपल्याच वर्गमित्रांना विद्यार्थी समजून पाच-सात मिनिटं शिकवायचं, मग सगळ्यांनी चुका सांगायच्या. नीलम्माचा पहिला पाठ फळ्यावर लिहिण्याचा होता. तिनं इतकं सुबक आणि इतकं बारीक लिहिलं की मागच्या बाकावरून शिवकुमार ओरडला, "ताई, दुर्बीण आहे का कुणाकडं?" बजरंग सर उठून फळ्याजवळ गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे. पण बाई, हा फळा आहे, तांब्या नव्हे." सगळ्यांत जास्त हसली ती नीलम्माच. जेवणाच्या सुट्टीत रिकाम्या वर्गात ती आणि ऋतुजा फळ्यावर वीतभर उंचीची अक्षरं काढत बसायच्या. ऋतुजा मागच्या बाकावरून सांगायची, "अजून मोठं, ताई. अजून. भिंतीवर जाहिरात लिहितात तसं लिव्हा."

महिना-सव्वा महिना असा गेला आणि करोना परत वाढला. कॉलेज बंद. दुसऱ्या दिवसापासून वर्ग फोनवर.

नीलम्माला वाटलं, कुणीतरी ताटावरून उठवलं. इतक्या वर्षांनी बाक मिळाला होता. आता परत तेच दुकान, तोच गल्ला, फक्त पुस्तकाच्या जागी फोन. दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं, आत स्टीलच्या डब्यांच्या उतरंडी, आणि त्यांच्यात बसून ती कानात वायर घालून शैक्षणिक मानसशास्त्र ऐकायची. पण एका बाबतीत ती सगळ्यांच्या पुढं होती. बाकीच्यांना एकट्यानं शिकायची सवय नव्हती. तिचा तर जन्म त्यात गेला होता. पोरं फोन चालू ठेवून झोपायची. ती शिकवलेलं संध्याकाळी स्वतःच स्वतःला परत सांगायची.

साक्षी म्हणून एक मुलगी वर्गात होती, तिला नुकतंच बाळ झालेलं. ती म्हणायची, "ताई, माझ्यासाठी तर हेच बरं. लेकराला मांडीवर घेऊन शिकता येतं. कॉलेज चालू असतं तर मला सोडावंच लागलं असतं." नीलम्माला ते पटायचं. मुलगा लहान असताना तीही अशीच शिकली होती.

ऋतुजाचं मात्र काहीतरी बिनसलं होतं. लातूरची खोली सोडून ती गावी गेली होती. वर्गात तिचं नाव रोज दिसायचं. सर 'समजलं का?' विचारायचे, सगळे 'हो सर' लिहायचे, तीही लिहायची. पण आवाज नाही आणि चेहरा नाही. कॉलेजात दर वाक्याला शंका काढणारी पोरगी महिनाभर एक प्रश्न विचारत नाही, हे नीलम्माच्या लक्षात आलं. एका सकाळी वर्ग संपल्यासंपल्या तिनं फोन लावला.

"आज सरांनी काय शिकवलं गं?"

पलीकडं वारा घोंगावत होता. ऋतुजा म्हणाली, "खरं सांगू का, ताई? मी फोन शेताच्या धुऱ्यावर ठेवते अन् हळद पसरवत ऱ्हाते. घरात हळद शिजवून राहिले सगळे. रेंज शेतातच येती, अन् शेतात आलं की काम दिसतं. मला काय बी समजून राहिलं न्हाई. मी सोडून देते बी.एड."

"सोडून देती? अन् मला फळ्यावर मोठं लिही म्हणून कोण सांगणार?"

ऋतुजा हसली आणि मग रडली. नीलम्मानं तिला रडू दिलं. मग म्हणाली, "हे बघ, घरी बसून शिकायचं एक तंत्र असतं. मला ते कुणी शिकवलं न्हाई, ठेच लागून कळलं. माझं एकच दुखणं होतं, वाचलेलं सांगायला माणूस नव्हतं. तुला मी हाय, मला तू. रोज दुपारी, जेवण झालं की, तू मला फोन करायचा अन् जे कळलं ते सांगायचं. न्हाई कळलं तर न्हाई कळलं म्हणून सांगायचं. पण फोन करायचा."

रोजचा फोन सुरू झाला. मुरुडात डब्यांच्या उतरंडीत एक बाई आणि हिमायतनगरकडं लिंबाच्या सावलीत पिवळ्या बोटांची एक पोरगी, दोघी एकमेकींना धडे सांगायच्या. ऋतुजानं ताईला फोनवरच स्लाइड बनवायला शिकवलं. नीलम्मानं तिला पानाचं सार चार ओळींत काढायला शिकवलं. कधी धडा राहून जायचा आणि हळदीच्या ढोलात नवीन हळद घोळून कशी चमकवतात याचंच बोलणं व्हायचं. गौरम्मा गादीवरून विचारायची, "आज झाली का शाळा तुमची?" पहिल्या वर्षाच्या परीक्षेत दोघीही चांगल्या पास झाल्या.

पावसाळा सरला आणि कॉलेज उघडलं. नीलम्मा पहिल्याच दिवशी हजर. पण ऋतुजाचा बाक रिकामा. दुसऱ्या दिवशीही रिकामाच. फोन केला तर ती म्हणाली, "बाबा न्हाई म्हणून राहिले, ताई. खोलीतल्या दोघी बी यायच्या न्हाईत. बाबा म्हणतात, घरबसल्या पहिलं वर्ष झालं, दुसरं बी होईल. परीक्षेपुरती जा."

"पण पाठ? शाळेत जाऊन शिकवायचं असतं ते?"

"बाबांना कोण सांगणार?"

नीलम्मानं दोन दिवस विचार केला. मग अमरेशला म्हणाली, "मी हिमायतनगरला जाऊन येते." अमरेशनं तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "एकटी?" ती 'हो' म्हणाली. सकाळी त्यानं मोटारसायकलवर तिला लातूरच्या स्टँडवर सोडलं, पाण्याची बाटली भरून दिली, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली उभा राहिला. अहमदपूर, लोहा, नांदेड, आणि पुढं दुसरी गाडी. इतक्या लांब ती एकटी कधीच गेली नव्हती. वाटेत श्रीमंतरावांना, म्हणजे ऋतुजाच्या वडिलांना, काय-काय सांगायचं ते ती मनातल्या मनात पाठ करत होती. नांदेडच्या पुढं गेल्यावर शेतात कपाशी फुटलेली दिसली आणि सगळं पाठांतर विस्कटलं.

श्रीमंतराव माणूस मोकळा होता. अंगणात सोयाबीनची पोती लावलेली. त्यांनी बाज टाकली, चहा सांगितला, प्रवासाची विचारपूस केली. मग म्हणाले, "बाई, पोरीनं तुमचं समदं सांगितलं हाय. बारावी, बी.ए., समदं तुम्ही घरी बसून केलं. दुकान सांभाळून. तुमचं नाव घेतो मी घरात. मग मला सांगा, तुम्हाला घरी बसून जमलं ते माझ्या पोरीला कामून जमत न्हाई?"

नीलम्मानं बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं तयार करून आणली होती. हाच प्रश्न तिला सुचला नव्हता. तिचंच आयुष्य समोरच्यानं उचलून तिच्याविरुद्ध ठेवलं होतं. तिनं कप खाली ठेवला. दारामागं ऋतुजा उभी होती, तिची ओढणी दिसत होती.

"भाऊ," ती म्हणाली, "मी घरी बसून शिकले, कारण मला दुसरा रस्ता नव्हता. त्याला मी नावं ठेवत न्हाई. त्याच रस्त्यानं हितवर आले. पण तुमच्या पोरीपुढं दोन रस्ते हायत, अन् त्यातला एक तुम्ही बंद करून राहिलात."

"ते खरं. पण अभ्यास तर तोच हाय ना?"

"पुस्तकाचा तोच हाय. तेवढा ती घरी करील, माझ्यापेक्षा चांगला करील. पण तिला चाळीस लेकरांपुढं उभं ऱ्हायचं हाय. तुम्ही असं सांगा, फोनवर बघून ट्रॅक्टर शिकलेला पोरगा आला, तर तुमच्या ट्रॅक्टरची चावी देताल का त्याला?"

श्रीमंतराव मोठ्यानं हसले. "न्हाई देत. बांध उकरून ठेवील."

"मग लोकाची चाळीस लेकरं कशी द्यायची?"

 त्यावर बोलली ती ऋतुजाची आई, केवळाबाई. ती इतका वेळ उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. "ते समदं खरं, बाई. पण पोरगी ऱ्हाणार कुठं? खोलीत एकटी मी ठिवणार न्हाई. त्याला तुमच्याकडं काय उत्तर हाय?"

"माझ्याकडं ऱ्हाईल," नीलम्मा म्हणाली. "मुरुडला. दोघी मिळून एसटीनं जाऊ-येऊ."

बोलून गेल्यावर तिला आठवलं की घरी आपण कुणालाच विचारलेलं नाही. पण केवळाबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती आणि तोंडावरची काळजी उतरली होती. आता शब्द मागं घेता येत नव्हता. ती रात्र त्यांनी तिला ठेवून घेतलं, भाकरी-पिठलं करून वाढलं. सकाळी निघताना केवळाबाईनं ओटी भरली आणि म्हणाली, "पोरगी चिडकी हाय जराशिक. सांभाळून घ्या."

मुरुडला आल्यावर नीलम्मानं चप्पल काढली आणि तशीच गौरम्मापुढं जाऊन उभी राहिली. गौरम्मा परात पुसत होती. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, "तुला अमरेशनं सांगितलं होतं?"

"न्हाई."

"मला विचारलं होतंस?"

"न्हाई, आत्याबाई. तोंडातून निघून गेलं."

गौरम्मानं परात उलटी करून मागून पुसली. मग परत सरळ केली. "पोरगी मटण खाती का?"

"गावाकडं खाती."

"हितं न्हाई."

"न्हाई, हितं न्हाई."

"सकाळी उठती का, का अंथरुणातच दुपार करती?"

"शेतकऱ्याची पोरगी हाय, आत्याबाई. लवकर उठती."

"मागल्या खोलीत मोठे हंडे हायत. ते गच्चीवर टाकायला सांग अमरेशला. तिथं कसं झोपणार कुणी?" एवढं बोलून ती नवीन परात पुसायला लागली. नीलम्मा वाकून पाया पडायला गेली तशी म्हणाली, "बाजूला हो, डाग पडंल परातीला."

ऋतुजा दिवाळीनंतर आली. पहिले चार दिवस ती गौरम्माला भ्यायची. पाचव्या दिवशी गौरम्मानं तिला विचारलं, "ह्यो फोन मोठ्या अक्षराचा करता येतो का?" आणि त्यानंतर दोघींचं गूळपीठ झालं. दिवे लागायच्या वेळेला गौरम्मा तिला शेजारी बसवून घ्यायची आणि दोघी फोनवर शरणांची, म्हणजे लिंगायत संतांची, वचनं ऐकायच्या. ऋतुजाला त्यातलं कानडी कळायचं नाही, गौरम्मा अर्थ सांगायची. "आता ही बी शाळाच झाली की," अमरेश म्हणाला. त्या दिवशी त्याचं पाचवं वाक्य झालं.

त्याच थंडीत बजरंग सरांनी कॉलेजच्या हॉलमध्ये चर्चा ठेवली. विषय होता, शिक्षक होणाऱ्यांनी दुरून शिकावं की समोरासमोर? सरांनी हॉलचे दोन भाग केले. दुरून म्हणणारे खिडकीकडं, समोरासमोर म्हणणारे दाराकडं. साक्षी लेकराला कडेवर घेऊन खिडकीकडं गेली. शिवकुमार एका शिकवणीत ऑनलाइन शिकवायचा, तोही गेला. बाकी बहुतेक सगळे दाराकडं. नीलम्मा मधोमध उभी राहिली.

"बाई, मधी उभं राहायचं नाही," सर म्हणाले. "बाजू घ्या."

ती खिडकीकडं जाऊन बसली, तेव्हा हॉलमध्ये कुजबुज झाली. कॉलेजसाठी एवढी धडपडणारी बाई, आणि ती तिकडं? ऋतुजा तर दाराकडून ओरडलीच, "ताई, चुकून बसला का?"

"चुकून न्हाई. ही बाजू नसती तर मी ह्या हॉलमध्येच नसते. ज्या म्हशीच्या पाठीवर बसून आले तिला आता नदीपलीकडं आल्यावर शिव्या कशा देऊ?" मग ती सावकाश बोलली. घरी बसून शिकणाऱ्या बायका तिनं बघितल्या होत्या. कुणी पिठाच्या गिरणीत वाचायचं, कुणी कडब्याच्या गंजीला टेकून. "त्यांना कॉलेजात या म्हणणं सोपं आहे," ती म्हणाली. "एसटी त्यांच्या दारात येत नाही, आणि आली तरी घरातली माणसं चढू देत नाहीत. पण एक सांगते. दुरून शिकवणाऱ्यानं विद्यार्थी दूर आहे म्हणून त्याला विसरू नये. तेवढं झालं तर ते शिक्षण कमी दर्जाचं नाही."

ऋतुजा उठली. "मी महिनाभर फोनमध्ये रोज हजर होते अन् एक दिवस बी हजर नव्हते. सर विचारायचे समजलं का, मी हो लिहायची. वर्गात असते तर माझं तोंड बघूनच सरांना कळलं असतं. मला काय समजत न्हाई, हे फक्त ताईंना कळलं, अन् ताईंनी..." ती थांबली.

"ताईंनी काय?" शिवकुमारनं विचारलं.

"ताईंनी फोन केला," ऋतुजा म्हणाली, आणि सगळा हॉल हसला. ती पण हसली. "म्हणजे फोनवरच शिकवलं. पण त्या ताई मला आधी वर्गात भेटल्या होत्या, म्हणून फोन केला ना! नुसतं नाव असतं तर केला असता का?"

 साक्षीचं लेकरू रडायला लागलं आणि चर्चा तिथंच थांबली. सरांनी शेवटी काही निकाल दिला नाही. मुरुडची गाडी चुकेल म्हणून ताई आणि ऋतुजा सरांचं समारोपाचं भाषण ऐकायलाही थांबल्या नाहीत.

फेब्रुवारीत शाळेत जाऊन शिकवायची वेळ आली. दोघींना मुरुडजवळची एकच शाळा मिळाली. नीलम्मानं सातवीच्या इतिहासाचं टाचण चार वेळा लिहिलं, आरशापुढं पाठ केलं. वर्गात गेली, फळ्यावर वीतभर अक्षर काढलं, आणि बोलायला लागली. आणि बोलतच राहिली. तिचे डोळे मागच्या भिंतीवर होते. इतकी वर्षं तिनं एकटीनं धडे म्हटले होते, तशीच ती आताही म्हणत होती. मधल्या ओळीत पोरं एकमेकांना कोपरं मारायला लागली. कुणीतरी शिट्टी घातली. घंटा झाली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता.

मग ऋतुजाचा पाठ झाला. फोनवर महिनाभर तोंड न उघडलेली पोरगी वर्गात शिरली ती हसतच. बाकांमधून फिरली, एकाच्या खांद्यावर हात ठेवला, एकीचं नाव विचारून परत-परत घेतलं. पोरं तिच्या मागं मान फिरवत होती. नीलम्मा मागं बसून बघत होती. तिला थोडा हेवा वाटला आणि कौतुक त्याहून जास्त.

घरी जाताना ऋतुजा म्हणाली, "ताई, राग नका येऊ देऊ. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला होता. बराच वेळ. तुम्ही बघितलंच न्हाई."

नीलम्मा रस्त्यात थांबली. तिच्या डोळ्यांपुढं लातूरच्या केंद्रावरचा तो जिना आला आणि घाईनं उतरून जाणारे सर. आज आपणही तेच केलं, असं तिला वाटलं. त्या संध्याकाळी तिला भाकरी गोड लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्या-गेल्या ती त्या मुलीच्या बाकाशी जाऊन बसली. मुलीचं नाव अक्षरा. "काल तू हात वर केला होतास. मी बघितलं नाही, माझं चुकलं. काय विचारायचं होतं तुला?"

अक्षरानं आठवून बघितलं. "पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारायचं होतं, बाई."

नीलम्मा इतकी हसली की शेजारच्या वर्गातून ऋतुजा धावत आली. त्या दिवसापासून शिकवताना ती आधी सगळ्या बाकांवरून नजर फिरवायची. पाणी प्यायला जाणारे कोण आणि खरंच काही विचारणारे कोण, हे तिला हळूहळू ओळखू यायला लागलं. गौरम्माला पायरीवरच गिऱ्हाईक कळतं, तसंच ते.

दोघी बी.एड. झाल्या. ऋतुजा धर्माबादच्या एका खाजगी शाळेत शिकवते, आणि श्रीमंतराव येईल त्याला 'आमच्या मॅडम' असं सांगतात. नीलम्माला पक्की नोकरी अजून नाही. मुरुडजवळच्या खेड्यातल्या एका शाळेत ती तासांवर जाते, बाकी वेळ दुकानात असते. लग्नसराईत नावं परत तीच टाकते.

गेल्या महिन्यात तिला माहेरच्या गावाहून एक फोन आला. नागम्मा म्हणून एक बाई, नीलम्माच्याच वयाची, लहानपणी दोघी एका वर्गात होत्या. नागम्माची शाळा सातवीतच सुटली होती. ती लाजत-लाजत बोलत होती. "अक्का, लेकीचं लगीन झालं. आता दहावीला बसू का मी? लोक हसतील का? घरी बसून होतं म्हणतात."

"होतं की. मी केलंय."

"मग फोनवरच सांग ना, काय-काय करायचं ते."

नीलम्मानं हातातला डबा बाजूला ठेवला. "सगळं सांगते. रोज सांगते. तू फोन करत जा, मी उचलत जाते. पण पहिल्यांदा तू हिकडं मुरुडला ये. एक दिवस राहा. तुला बघून लई वर्षं झाली, आधी तुझं तोंड तरी बघू दे."

नागम्मा येत्या रविवारी येणार आहे. गौरम्मानं आधीच विचारून ठेवलंय की ती चहात साखर किती घेते.